रिव्ह्यू पाहून फोन निवडताना: कुठून सुरुवात करायची, काय तपासायचं

माझ्याकडे फोनबद्दल विचारायला येणारी माणसं बहुतेक एकाच अवस्थेत येतात. दोन मॉडेलं मनात पक्की झालेली असतात, पंधरा व्हिडिओ पाहून झालेले असतात, त्यांतले सात जण एकाला चांगलं म्हणतात आणि आठ जण दुसऱ्याला. घरात त्यावरून वाद झालेला असतो. मग मला म्हणतात, ‘आता तुम्हीच सांगा.’ मी विचारतो, ‘फोनवर दिवसभर काय करता?’ याचं उत्तर मात्र तयार नसतं.

गोंधळ इथेच होतो. रिव्ह्यू आधी आणि स्वतःची गरज नंतर, असा उलटा क्रम लागला की समोरचा जे दाखवेल तेच आपल्याला हवंसं वाटतं. खाली दिलेला क्रम पाळा. पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण होईपर्यंत एकही व्हिडिओ उघडू नका.

## पायरी १: सध्याच्या फोनकडून माहिती घ्या

सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर उघडा. कोणतं ॲप किती बॅटरी खातं हे तिथे दिसतं. ‘डिजिटल वेलबीइंग’ किंवा ‘स्क्रीन टाइम’मध्ये गेल्या आठवड्यात रोज किती तास फोन वापरला आणि कशावर, ते दिसतं. स्टोरेज किती भरलंय तेही पाहा. या तिन्ही गोष्टी कागदावर लिहा.

त्याखाली दोन प्रश्नांची उत्तरं लिहा. आत्ताच्या फोनचा सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो? आणि फोन सर्वांत जास्त कुठे वापरला जातो: घरात, उन्हात, गाडीवर, की रेंज कमी असलेल्या गावात?

हे मी माझ्या आत्याच्या फोनवरून शिकलो. ती अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपवरच्या नोंदी, मुलांचे फोटो, पर्यवेक्षिकेचे फोन ही तिची रोजची कामं, आणि त्यातली निम्मी घराबाहेर भर उन्हात. मी तिच्यासाठी फोन घेतला तो बाजारात आला त्याच आठवड्यात, एक झकास व्हिडिओ पाहून. कॅमेरा चांगला, रंग सुंदर. पण दुपारी बारा वाजता त्या स्क्रीनवरची अक्षरं दिसायचीच नाहीत. पदराचा आडोसा करून ती नोंदी भरायची. व्हिडिओ स्टुडिओत केलेला होता, आणि मी तिला ‘तू फोन कुठे वापरतेस’ हे विचारलंच नव्हतं.

पुढे जाण्याआधी तपासा: कागदावर ‘हे नसेल तर फोन नकोच’ अशा तीन ओळी हव्यात. पाच-सहा झाल्या असतील तर खोडा. बजेट लिहिताना कव्हर, काच आणि डब्यात चार्जर नसल्यास त्याचेही पैसे धरा.

## पायरी २: कागदावरची छाननी

आता कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची पूर्ण माहिती उघडा. व्हिडिओतला किंवा विक्रीच्या पानावरचा तक्ता चालणार नाही. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगळ्या बॅटरीचा, वेगळ्या चिपचा असू शकतो, आणि परदेशी रिव्ह्यू त्या दुसऱ्याच फोनचा असतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेल्या टिपा आधी वाचा. मोठ्या अक्षरांतल्या दाव्यांच्या अटी तिथे असतात.

रॅम. ‘१६ जीबी’ असं लिहून खाली ‘८ + ८’ असेल तर खरी रॅम ८. उरलेली ८ म्हणजे स्टोरेजमधली जागा रॅमसारखी वापरायची सोय, आणि ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. तुलना नेहमी पहिल्या आकड्याची करा.

स्टोरेज. जीबीच्या आकड्याबरोबर प्रकारही बघा. ईएमएमसी असेल तर फोन भरत आला की रखडायला लागतो. यूएफएस बरंच वेगवान. स्वस्त फोनांत हा प्रकार लिहिलेलाच नसतो. तसं असेल तर ते न लिहिण्याचं कारण चांगलं नाही असंच मी धरतो.

उजेड. ‘पीक ब्राइटनेस’चा मोठा आकडा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता, काही क्षणांपुरता असतो. उन्हात वाचायला उपयोगी पडतो तो ‘हाय ब्राइटनेस मोड’चा आकडा. दोन फोनांची तुलना करताना एकाचा पीक आणि दुसऱ्याचा साधा आकडा घेतला जातो आणि वाद पेटतात. सारख्याला सारखंच लावा.

कॅमेरा. मेगापिक्सेल मोजत बसू नका. ५० मेगापिक्सेलचा सेन्सर चार पिक्सेल एकत्र करून साधारण १२.५ मेगापिक्सेलचा फोटो देतो. २०० मेगापिक्सेलवाला सोळा एकत्र करतो, म्हणजे पुन्हा १२.५. सेन्सरचा आकार आणि ‘ओआयएस’ (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी भिंगाची सोय) आहे का, हे दोन मुद्दे अधिक कामाचे. मागे तीन भिंगं दिसतात तेव्हा त्यातली २ मेगापिक्सेलची ‘मॅक्रो’ किंवा ‘डेप्थ’ असली तर ती धरू नका.

५जी बँड, म्हणजे नेटवर्क ज्या लहरींवर चालतं ते पट्टे. खेड्यात किंवा जाड भिंतींच्या जुन्या घरात राहणाऱ्यांनी ही ओळ नक्की वाचावी. जिओकडे ७०० मेगाहर्ट्झचा स्पेक्ट्रम आहे. यादीत त्याचं नाव एन२८. कमी वारंवारतेच्या लहरी लांब पोचतात आणि भिंतीतून आत येतात. सगळीकडे वापरला जाणारा एन७८ वेगवान आहे, पण त्याचा पल्ला कमी. जिओचं ५जी स्टँडअलोन (४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या) पद्धतीचं असल्याने फोनमध्ये ‘एसए’चा आधार हवा. ‘इतके ५जी बँड’ या बढाईपेक्षा आपल्या सिमला लागणारे बँड आहेत का ते बघा.

पाण्यापासून संरक्षण. आयपी६७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. आयपी६८ची खोली आणि वेळ कंपनी स्वतः ठरवते आणि बारीक अक्षरांत लिहिते. दोन्ही चाचण्या गोड्या पाण्यात होतात. ऑस्ट्रेलियात फोन समुद्रात आणि पोहण्याच्या तलावात वापरता येतील अशा जाहिराती केल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने २०२२मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. मालवण, गणपतीपुळे, कळंगुटला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाणी शिरून बिघडलेला फोन बहुतेक वॉरंटीत बसत नाही, आयपी६८ असला तरी.

अपडेट. दोन आकडे असतात: अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या किती आणि सुरक्षेचे अपडेट किती वर्षं. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण फोनवरच्या बँकेच्या व्यवहारांची सुरक्षितता त्यावर अवलंबून. वर्षं मोजली जातात ती फोन बाजारात आला त्या दिवसापासून, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षं जुनं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळालं आणि अपडेट चार वर्षांचे असतील, तर तुमच्या हाती दोनच उरली. गूगलने २०२३च्या पिक्सेल ८पासून आणि सॅमसंगने २०२४च्या एस२४ मालिकेपासून ७ वर्षांचं आश्वासन दिलं. स्वस्त फोनांत ते फार कमी असतं, म्हणून आकडा शोधून लिहा.

> थांबा: तुमच्या तीन ओळींपैकी एखादी इथेच बसत नसेल तर ते मॉडेल आत्ताच काढून टाका. पुढे कुणी त्याची कितीही स्तुती केली तरी परत यादीत घेऊ नका.

## पायरी ३: रिव्ह्यू करणाऱ्याला काय मिळालं?

आता रिव्ह्यू उघडा, पण आशय पाहण्याआधी नातं बघा.

भारतात यासाठी नियम आहेत. जाहिरातींच्या क्षेत्रातली स्वयंनियमन संस्था एएससीआयने २०२१मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. पैसे मिळोत, फुकट वस्तू मिळो, की सहलीचा खर्च, ते ठळकपणे सांगायला हवं. दोन मिनिटांहून मोठ्या व्हिडिओत त्या ब्रँडबद्दल बोलणं चालू असेल तेवढा पूर्ण वेळ लेबल दिसायला हवं. खाली ‘अधिक वाचा’ दाबल्यावर सापडणारा हॅशटॅग पुरत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार अशा जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो वस्तूची भलामण करणाऱ्यालाही लागू आहे. जाहिरात असल्याचा खुलासा भलामणीच्याच भाषेत असावा, अशी २०२३च्या सरकारी सूचनेत अपेक्षा आहे. मराठी व्हिडिओ असेल तर मराठीत.

लेबल दिसलं की व्हिडिओ बंद करावा असं मी म्हणत नाही. त्यातून फोन कसा दिसतो, मेन्यू कसे आहेत हे कळतं. त्यातला निष्कर्ष मात्र धरू नका.

यात माणसं आणखी एक चूक करतात: कंपनीने पाठवलेला फोन आणि पैसे घेऊन केलेली जाहिरात या दोन गोष्टी एकच समजतात. कंपन्या पत्रकारांना फोन आधी पाठवतात आणि ‘अमुक तारखेच्या अमुक वेळेआधी छापू नका’ अशी अट घालतात. म्हणूनच एका मिनिटात वीस रिव्ह्यू प्रकट होतात. अशा फोनवर प्रामाणिक रिव्ह्यू होऊ शकतो, होतोही. अडचण वेळेची आहे. आठवडा-दहा दिवसांत कॅमेरा, वेग, स्क्रीन तपासता येते. बॅटरी वर्षाने कशी राहील, अपडेटनंतर काय होईल, सर्व्हिस सेंटर कसं वागेल, हे त्या माणसाला माहीत असणं शक्यच नाही.

चांगल्या रिव्ह्यूची खूण म्हणजे फोन कुठून आला, किती दिवस वापरला आणि खरेदीच्या लिंकमधून कमिशन मिळतं का, हे सुरुवातीलाच सांगितलेलं असतं.

> तपासा: शीर्षकात ‘अनबॉक्सिंग’, ‘फर्स्ट लुक’, ‘फर्स्ट इम्प्रेशन’ असेल तर तो रिव्ह्यू नाही, फोन दाखवण्याचा कार्यक्रम आहे. तुमच्या यादीत किमान दोन असे रिव्ह्यू हवेत, ज्यांत वापराचे दिवस सांगितलेले आहेत.

## पायरी ४: शेवटचे गुण सोडा, मोजमापं घ्या

‘दहापैकी साडेआठ’ हे कुणाच्या गरजेनुसार? गेम खेळणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाचे साडेआठ माझ्या आत्याच्या उपयोगाचे नव्हते. म्हणून रिव्ह्यूचा शेवट सोडून द्या आणि मधली मोजमापं कागदावर घ्या.

वेग आणि तापणं. अंतुतू किंवा गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपचा एकच आकडा फोन थंड असतानाचा असतो. त्या आकड्यांतही फसवाफसवी झाली आहे, आणि ती उघडही झाली. २०१३मध्ये आनंदटेक या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने दाखवलं की गॅलॅक्सी एस४ ठरावीक चाचणी ॲप ओळखून चिपचा वेग वाढवतो. २०१८मध्ये ३डीमार्क ही ग्राफिक्सची चाचणी बनवणाऱ्या यूएल कंपनीने ह्वावेचे काही फोन यादीतून काढले. २०२१मध्ये वनप्लस ९ मालिका आणि २०२२मध्ये सॅमसंगच्या एस२२सह काही मालिका गीकबेंचने काढल्या, कारण नेहमीची ॲप मंद चालवली जात होती आणि चाचणीची ॲप पूर्ण वेगाने. आनंदटेक २०२४मध्ये बंद झालं. इतक्या खोलात जाऊन तपासणारी ठिकाणं कमी झाली की वाचकाला स्वतः जास्त काळजी घ्यावी लागते, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

तुम्ही शोधायचं ते ‘स्ट्रेस टेस्ट’चं टक्क्यांतलं उत्तर. ३डीमार्कच्या अशा चाचणीत एकच काम २० वेळा सलग करून घेतात. सर्वांत वेगवान फेरीच्या तुलनेत सर्वांत संथ फेरीत किती वेग टिकला, हे त्यातून कळतं. चाचणी एसीत झाली की पंख्याखाली, हेही बघा. विदर्भातला मे आणि स्टुडिओतला एसी यांत फोनसाठी खूप फरक आहे.

बॅटरी. ‘आरामात दिवसभर चालते’ हे वाक्य गाळा. स्क्रीन किती तास चालू होती, उजेड किती होता, वायफायवर की मोबाइल डेटावर, एवढं तरी हवं. मोबाइल डेटा आणि कमजोर रेंजमध्ये बॅटरी फार लवकर उतरते, आणि बहुतेक चाचण्या वायफायवर होतात.

इथे एक युक्ती सांगतो, जी फार जणांना ठाऊक नाही. युरोपीय संघात २० जून २०२५पासून स्मार्टफोनवर ऊर्जा लेबल सक्तीचं आहे. त्यावर एका चार्जमध्ये किती तास, बॅटरी किती चार्जिंग चक्रं टिकते, पडल्यावर फोन किती तग धरतो आणि दुरुस्ती किती सोपी, हे सगळं असतं. शेवटच्या दोन्हींना ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी. ही माहिती ‘एप्रेल’ नावाच्या खुल्या सरकारी नोंदवहीत कुणालाही पाहता येते. तुमचा फोन तिकडेही विकला जात असेल तर ते आकडे वाचा. मात्र भारतातल्या मॉडेलची बॅटरी तेवढ्याच एमएएचची (बॅटरीच्या क्षमतेचं माप) आहे ना, हे दुसऱ्या पायरीतल्या कागदाशी ताडून घ्या, नाहीतर तुलना चुकीची होईल.

कॅमेरा. व्हिडिओत दाखवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मूळ आकाराचे नमुने ठेवणारा लेखी रिव्ह्यू शोधा आणि तीनच प्रकारचे फोटो बघा: ट्यूबलाइटखाली घरातला, धावतं मूल, आणि सावळ्या व गोऱ्या माणसांचा एकत्र. दिवसाउजेडी बागेतली फुलं आता सगळ्याच फोनवर छान येतात. कातडीचा रंग उजळून देणारे फोन अजून आहेत, आणि ते या तिसऱ्या फोटोत पकडले जातात.

> थांबा: दोन रिव्ह्यूंची मोजमापं एकमेकांशी जुळत नसतील तर कोण खोटं बोलतं यावर वाद घालू नका. आधी रॅमचा प्रकार, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि खोलीचं तापमान सारखं होतं का ते बघा. बहुतेक भांडणं तिथेच मिटतात.

## पायरी ५: सहा महिने वापरलेल्यांना विचारा

विक्रीच्या पानावर ‘सर्वांत नवे’ असा क्रम लावा आणि दोन ते चार तारेवाले अभिप्राय वाचा. पाच तारेवाले अनेकदा डिलिव्हरीच्या दिवशी लिहिलेले असतात (‘पॅकिंग छान’), आणि एक तारेवाले कित्येकदा कुरिअरवर रागावलेले. एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत दहा जणांनी केली असेल तर लिहून घ्या. एकाच शब्दांत दहा जणांनी केली असेल तर सोडा; स्तुतीलाही हाच न्याय.

फोन बाजारात येऊन तीन महिनेही झाले नसतील तर ही पायरी पूर्ण होऊच शकत नाही. घाई नसेल तर थांबा. किंमतही बहुधा खाली येते.

## पायरी ६: दुकानात हातात घेऊन

डेमो पीस घेऊन त्यावर चालणारा कंपनीचा व्हिडिओ बंद करायला सांगा. मग हे करा:

1. फोन दुकानाच्या दाराशी, उजेडात न्या आणि मेसेज वाचून बघा.
2. मराठी कीबोर्डवर ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’, ‘कऱ्हाड’ टाइप करा. ऱ्य आणि ऱ्ह नीट येतात का? ळ आणि ण कुठे आहेत? रोज मराठीत लिहिणाऱ्याला हे मेगापिक्सेलपेक्षा जास्त छळतं, आणि हे तपासलेला रिव्ह्यू मी फार क्वचित पाहिला आहे.
3. अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा. बटणं एकमेकांवर चढत असतील तर घरच्या वडीलधाऱ्यांसाठी तो फोन नको.
4. एका हाताने स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत बोट पोचतं का ते बघा.
5. जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कोणत्या गावात आहे, ते विचारा आणि स्वतः तपासा. जिल्ह्याच्या ठिकाणी जायला एसटीने तीन तास लागत असतील तर ती फोनच्या किमतीत धरण्यासारखी गोष्ट आहे.

सेल्समन तुम्हाला हळूच दुसऱ्या मॉडेलकडे वळवू लागला तर कागद दाखवा.

## पायरी ७: पैसे देताना आणि डबा उघडताना

ऑनलाइन घेत असाल तर ‘परत’ आणि ‘बदलून’ हे दोन शब्द वेगळे वाचा. फोनच्या बाबतीत अनेकदा फक्त सदोष वस्तू बदलून मिळते, तीही ठरावीक दिवसांत. जुना फोन देऊन मिळणारी किंमत आणि बँकेची सूट दोन्ही वजा करून दाखवलेला आकडा म्हणजे तुमची किंमत नव्हे. तुमच्याकडे ते कार्ड आहे का आणि जुन्या फोनला खरंच तेवढे मिळतील का, ते बघून हिशेब करा.

डबा फोडतानाचा व्हिडिओ एका सलग टेकमध्ये काढा, पार्सलवरच्या लेबलापासून. नंतर *#०६# डायल करून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, डब्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा, आणि सरकारच्या ‘संचार साथी’ ॲपवर तो वैध आहे का ते तपासा. जीएसटी बिल नसेल तर फोन घेऊ नका. वॉरंटी आणि तक्रार दोन्ही त्यावर उभ्या असतात.

पहिल्या दोन दिवसांतच सगळं तपासून घ्या: दोन्ही सिमवर बोलणं, दोन्ही कॅमेरे, स्पीकर, बोटाचा ठसा, चार्जिंगचा वेग, पांढऱ्या पडद्यावर एखादा ठिपका आहे का. त्याआधी जुना फोन विकू नका, आणि जुन्यातलं व्हॉट्सॲप, बँकेची ॲप, ओटीपीचं सिम यांची बदली पूर्ण झाली की मगच तो पुसा.

## पायरी ८: फसलात तर

सर्व्हिस सेंटरला फोन देताना जॉबशीटची (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदाची) प्रत आणि त्यावर तुमच्या शब्दांत लिहिलेला दोष हवा. ‘सॉफ्टवेअर इश्यू’ एवढंच लिहिलेल्या कागदावर सही करू नका. ‘कॉल चालू असताना फोन बंद पडतो, दिवसातून चारपाच वेळा’ असं लिहायला लावा. कंपनीशी बोलणं ईमेलवर ठेवा.

काम झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. त्यानेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि वकील देणं सक्तीचं नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. सोबत बिल, जॉबशीट, ईमेल आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ जोडा. जाहिरातीत किंवा रिव्ह्यूत ज्या दाव्यावर विश्वास ठेवून फोन घेतला, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, कारण ते पान नंतर बदललेलं असू शकतं.